तांबूळघाटातले साडेआठ

"तुमच्या घड्याळात काय वाजलंय ते इथं धरत नाहीत मॅडम," बनसोडे भाऊसाहेब म्हणाले. "भोंगा अजून झालेला नाही. म्हणजे साडेआठ वाजायचेत."

माझ्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. तांबूळघाट नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात टेबलं बारा होती आणि माणूस एकच, तो म्हणजे हे बनसोडे. हजेरीपट उघडा ठेवून ते निवांत चहा पीत बसले होते. खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसत होतं. पोरं क्रिकेट खेळत होती आणि मुख्याध्यापक अंपायर म्हणून उभे होते.

"अहो, पण ऊन बघा किती वर आलंय," मी म्हणाले.

"उन्हाचा ठराव नाही. भोंग्याचा आहे." त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "ठराव क्रमांक एक्केचाळीस. नगरपरिषद हद्दीत भोंगा होईल तेव्हाच साडेआठ वाजले असे मानण्यात यावे. सर्वानुमते मंजूर. विरोधी पक्षानं अनुमोदन दिलंय. आमच्याकडं एकमतानं झालेली ही एवढीच गोष्ट."

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. मी तेव्हा पुण्यात नगर संगणक केंद्रात होते. राज्यातल्या नगरपरिषदांसाठी आम्ही 'पायरी' नावाची लिनक्स या संगणकप्रणालीची स्वतःची आवृत्ती काढायचो आणि तिच्यातलं कर्नलचं पॅकेज माझ्याकडे होतं. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार ज्याच्या हातात असतो तो गाभ्यातला प्रोग्रॅम. एखादं खास उपकरण चालवायचं तर त्याला जोडून एक छोटा तुकडा लागतो, त्याला म्हणायचं मॉड्यूल. पॅकेजच्या आतली मॉड्यूल्स कर्नलबरोबरच तयार होऊन जातात. बाहेरच्या मॉड्यूलचं तसं नसतं. कर्नल बदलला की ते नव्या मापानं पुन्हा शिवून घ्यावं लागतं, नाहीतर ते बसत नाही.

सगळ्या राज्यात बाहेरचं मॉड्यूल आता एकच उरलं होतं, तांबूळघाटच्या भोंग्याचं. आमचे पेठकर सर म्हणाले होते, "चौगुले, मार्चअखेर बाहेरची शून्य पाहिजेत. जा आणि ते आत घेऊन या." शून्य या आकड्यावर सरांचा फार जीव होता.

तर झालं होतं असं. भोंगा होता पाण्याच्या टाकीवर. तो वाजवायला पूर्वी खाली बटण होतं. मग गावातल्या पॉलिटेक्निकच्या एका हौशी प्राध्यापकांनी त्याला संगणकाचं कार्ड जोडलं, मॉड्यूल लिहिलं आणि ते कॅनडाला निघून गेले. आमच्या केंद्रातून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पहाटे नवा कर्नल जायचा, की इकडे मॉड्यूल अडायचं आणि भोंगा मुका व्हायचा. मग माणूस येऊन मॉड्यूल पुन्हा बांधायचा आणि तेव्हा कुठं गावात साडेआठ वाजायचे. यंत्रमागवाल्यांची पाळी, शाळा, कचेरी, सगळं त्यानंतर सुरू. पुण्यात बसून महिन्यातून एकदा मी एका अख्ख्या गावाला तास-दीड तास उशिरा उठवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि गावाचं काही म्हणणं नाही?" मी विचारलं.

"म्हणणं कसलं? त्या दिवशी लोक दाढी निवांत करतात. तुमच्या कर्नलबद्दल गावाचं मत फार चांगलं आहे मॅडम."

तेवढ्यात दारात एक माणूस आला. सत्तेचाळीसच्या आसपासचा, धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, काखेत शंभरपानी वही. बनसोडे म्हणाले, "हा महिपती गुरव. अठरा वर्षं रोजंदारीवर आहे. भोंगा यानंच करायचा."

महिपतीनं नमस्कार केला, पण माझ्याकडे सरळ न बघता तोंड जरा डावीकडे वळवून उभा राहिला. मला वाटलं, पुण्याहून आलेल्या बाईला तोंड द्यायचं नाही म्हणून असेल.

टाकीखालच्या खोलीत त्यानं यंत्रासमोर उदबत्ती लावली, वही उघडली आणि बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागला. वहीत सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिलेल्या होत्या, शेजारी स्पेलिंगची अक्षरं. सूडो. मेक. मेक इन्स्टॉल. प्रत्येक ओळीखाली तांबड्या शाईनं रेघ, आणि कुठं किती वेळ थांबायचं तेही लिहिलेलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चूक एक नाही. आमच्या केंद्रात एम.टेक. झालेली मुलं यापेक्षा गबाळेपणानं काम करायची.

पडद्यावर एक इशारा उमटला. बनसोडे चष्मा वर करून म्हणाले, "हे दर वेळी येतं. याचा अर्थ काय मॅडम?"

"बाहेरचं मॉड्यूल आत शिरल्यामुळे कर्नल बाटला, असं म्हणतोय तो."

बनसोड्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे मशीनमध्येपण हे आलं का," ते शांतपणे म्हणाले आणि चष्मा खाली घेतला. मला मान वर करवेना.

महिपतीनं शेवटची ओळ टाइप केली, हात जोडले, बटण दाबलं. डोक्यावर भोंगा सुरू झाला आणि मिनिटभर खोलीची भिंत थरथरत राहिली. मैदानातली पोरं स्टंप उचलून पळाली. माझ्या घड्याळात दहाला पाच कमी होते. तांबूळघाटात साडेआठ वाजले.

दुपारी बनसोड्यांनी मला पेचात टाकणारी गोष्ट सांगितली. रोजंदारीच्या लोकांना कायम करायची समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. ज्याचं काम आवश्यक आणि निरंतर, तो कायम. ज्याचं तसं नाही, त्याला घरचा रस्ता. "आणि महिपतीचं काम म्हणजे हे मॉड्यूल. ते तुम्ही आत घेतलं की आपोआप चालणार. मग महिपतीची गरज काय, असं समिती विचारणार."

"पण मॉड्यूल आत घेणं बरोबरच आहे भाऊसाहेब. आत असलं की त्याची काळजी घेतली जाते, ते मोडत नाही."

"तेच म्हणतोय. मॉड्यूलची काळजी घेतली जाईल."

संध्याकाळी महिपतीनं मला टाकीजवळच्या टपरीवर चहा पाजला. इथंही तो माझ्या डाव्या हाताला येऊन बसला आणि मी जागा बदलली तशी त्यानंही बदलली.

"मॅडम, एक विचारू? ते मॉड्यूल आत गेलं म्हंजी काय हुतं?"

"मग ते कायमचं कर्नलबरोबर राहतं. कुणी वगळू शकत नाही."

"अठरा वर्सं मी भोंग्यासंगट हाय," तो म्हणाला. "ते आत जायाचं आन मी भाइर. बरं. जाऊ द्या. त्याचं तरी हुईल." त्यानं बशीतला चहा संपवला. "तुमी तर पुण्याच्या हापिसात कायम आसाल."

"नाही मामा. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. बाराव्या महिन्यात घरी बसवतात आणि पुन्हा घेतात. घेतलं तर."

त्यानं रिकामी बशी खाली ठेवली. "आन सगळ्या राज्याचं कर्नल तुमच्याकडं?"

"हो."

"म्हंजी तुमीपण भाइरच्याच की," महिपती म्हणाला, आणि टपरीवाल्याला सांगून माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला.

मला त्या माणसाबद्दल वाईट वाटत होतं, हे कबूल करते. पण माझाही करार फेब्रुवारीत संपत होता, आणि सरांना शून्य मिळालं नाही तर माझं काय होणार ते मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, मॉड्यूल आत घ्यायचं. समितीचं समिती बघेल. उठताना मी त्याला सांगितलं, "उद्या सकाळी मी नवा कर्नल चढवून बघणार आहे. मॉड्यूल आत घातलेला. तुम्हाला मशीनपाशी यायची गरज नाही."

"कर्नल बदलायचा आसला की मी आदी टाकीवर जाऊन येतो," तो म्हणाला. "मग मशीनला हात लावायचा. तसंच ठरलंय."

"उद्या मशीनला कुणी हातच लावणार नाही मामा. ते आपोआप होईल," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. त्याला पटलं असं मी धरलं.

बुधवारी सकाळी मी लवकर जाऊन नवं पॅकेज चढवलं. साडेआठला भोंगा आपोआप व्हावा, बनसोड्यांच्या हजेरीपटानं बघावा, एवढीच माझी हौस. आठ वाजून दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. कर्नल उठला. मॉड्यूल आपोआप आत जाऊन बसलं. इशारा आला नाही. बाटला-बिटला काही नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली.

आणि भोंगा सुरू झाला.

प्राध्यापकांनी मॉड्यूलमध्ये एक ओळ लिहिली होती: बसल्याबरोबर एक मिनिट चाचणी. ती ओळ मी वाचली होती. पण कोडमध्ये एक मिनिट म्हणजे नुसता साठ हा आकडा असतो, त्याचा आवाज येत नाही. महिपती म्हणूनच शेवटचं बटण सगळं आटोपल्यावर दाबायचा, चाचणीचाच भोंगा करायचा.

मी बाहेर आले तेव्हा गाव धावत सुटलं होतं. एक मास्तर तोंडाला साबण लावलेले, एका पायात चप्पल घालून शाळेकडे निघालेले. मागवाले पाळी चुकली म्हणून सायकली हाणत होते. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर अकरा कर्मचारी धापा टाकत होते आणि बनसोडे दारात हजेरीपट घेऊन उभे होते.

"अहो भाऊसाहेब, आत्ता कुठं सव्वाआठ होतायत. कुणालाही उशीर झालेला नाही."

"भोंगा झाला," बनसोडे म्हणाले. "साडेआठ वाजून गेले. ठराव तसा आहे मॅडम. मला सगळ्यांना लेट मार्क द्यावा लागेल. स्वतःलाही दिलाय." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "महिपती कुठाय?"

मी टाकीकडे बघितलं. लोखंडी शिडीवरून एक पांढरा शर्ट सावकाश खाली येत होता. एकेका पायरीवर थांबत, हातानं चाचपत.

मी पळत गेले. तो खाली आला आणि शिडीला टेकून उभा राहिला. शर्टावर पारव्यांची घाण होती, हातात काटक्यांचं एक घरटं.

"मामा, तुम्हाला काही झालं नाही ना? मामा?"

त्यानं तोंड वळवून उजवा कान माझ्याकडे केला. तेव्हा मला कळलं की कालपासून तो हेच करत होता.

"काय न्हाई झालं," तो म्हणाला. "ऐकू येतंय. सुरू झाला तवा मी डावा कान तिकडं केला आन उजव्यात बोट घातलं. डावा आदीच गेलाय."

"कशानं गेला?"

त्यानं घरटं हळूच कट्ट्यावर ठेवलं. उत्तर माझ्यामागोमाग आलेल्या बनसोड्यांनी दिलं. "कार्ड नवीन बसवलं त्या वर्षी. कर्नल बदलला आणि भोंगा जो सुरू झाला तो थांबेना. चाळीस मिनिटं. प्राध्यापक खाली पुस्तक उघडून बसलेले. हा वर चढला आणि हातानं वायर तोडली. तेव्हापासून कर्नल बदलायच्या दिवशी आधी वर जातो. कुणी टाकी धुवायला चढलंय का, पाखरू बसलंय का, बघून येतो आणि मगच चालू करतो. उशीर काय टाइप करायला होतो असं वाटलं का तुम्हाला?"

मला तसंच वाटलं होतं. मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.

त्या दिवशी गाव माझ्यावर चिडून होतं. टपरीवाल्यानं चहा दिला नाही, म्हणाला दूध संपलंय. मी टाकीखालच्या खोलीत बसले. पुन्हा बाहेर काढावं तर शून्य जातं आणि मी जाते. आत ठेवावं तर महिपती जातो, आणि पुढच्या कर्नलला टाकी धुणारा एखादा पोरगा बहिरा होतो. दुपारपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठले नाही. मग मॉड्यूलमध्ये मी सहा ओळी वाढवल्या. कर्नल बदलला की मॉड्यूल आत जाऊन गुमान बसायचं. कुणीतरी वर जाऊन बघून येईल, खाली येऊन एक ठरलेला शब्द टाइप करेल, तोवर भोंगा वाजवायचा नाही. शब्द सुचेना. शेवटी मी त्या जागी 'महिपती' असं टाइप केलं.

पेठकर सरांचा फोन आला. "चौगुले, या सहा ओळी कसल्या?"

"सुरक्षेच्या सर. माणसानं बघितल्याशिवाय वाजू नये म्हणून."

"शब्द महिपती का?"

"कुठला तरी हवा होता सर."

"ठीक आहे. बाहेर किती राहिली?"

"शून्य."

"शाब्बास," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

महिन्याभरानं समिती बसली. बनसोड्यांनी टिपणी लिहिली, ती त्यांनी मला नंतर फोनवर वाचून दाखवली. 'सदर कर्मचाऱ्याच्या नावावाचून भोंगा होत नाही, ही बाब शासनाच्या कर्नलमध्ये नमूद असून कर्नल राज्यभर लागू आहे.' यावर समितीत कुणी बोललं नाही. महिपती गुरव कायम झाला. त्यानं मला एसटीच्या पार्सलनं पेढे पाठवले. खोक्यावर पत्ता लिहिला होता: चौगुले मॅडम, कर्नल, पुणे.

माझा करार फेब्रुवारीत संपला. मला पुन्हा बोलावलं नाही, कारण कर्नलचं अख्खं पॅकेजच बाहेर, एका खासगी एजन्सीला द्यायचं ठरलं होतं. सरांचं शून्य मात्र टिकलं. त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं, कुठं अकरा महिने, कुठं सहा. तांबूळघाट हळूहळू विसरायला झालं.

गेल्या महिन्यात पेपर चाळताना एक मुदतवाढीची जाहिरात दिसली. तांबूळघाट नगरपरिषद. पद भोंगा मदतनीस, जागा एक. शैक्षणिक पात्रता सातवी पास. उंचीची भीती नसावी. आणि शेवटची अट: उमेदवाराचे नाव महिपती असणे आवश्यक.

मी दोनदा वाचलं आणि बनसोड्यांना फोन लावला. ते आता कार्यालय अधीक्षक झाले होते.

"गुरव गेल्या वर्षी निवृत्त झाला मॅडम. नवा माणूस हवा. पण लेखापरीक्षणात आक्षेप आला. ज्याचं नाव महिपती नाही त्यानं महिपती असं टाइप करणं म्हणजे तोतयेगिरी."

"अहो, तो नुसता शब्द आहे."

"तुमच्यासाठी. आमच्यासाठी ती शासनमान्य नोंद आहे. अर्ज तीन आलेत. तिघांनीही गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलंय. एकाच्या बापाचं नावही महिपती, तर त्याला प्राधान्य द्यायचं का, यावर मार्गदर्शन मागवलंय."

"भाऊसाहेब, एक ओळ बदला. दोन मिनिटांचं काम आहे."

"ती ओळ पॅकेजच्या आत आहे मॅडम. आतल्याला हात लावायला आतला माणूस लागतो, तुम्हीच सांगितलं होतं. पुण्याला तीनदा पत्र लिहिलं. तिथं आत कुणीच नाही."

"मग सध्या भोंगा कोण करतंय?"

"आज मंगळवार ना. मी टाकीखालीच आहे. थांबा, देतो."

फोनमध्ये खडखड झाली. मग लांबून आवाज आला, "हॅलो? कान बदलतो, थांबा." आणि मग जवळून, "मॅडम. वळखलं का?"

"मामा, निवृत्त झालात ना तुम्ही? मग कशाला चढता टाकीवर?"

"कोण जाणार? आख्खं गाव माझ्या नावावाचून आडून बसलंय. तुमीच आडवून ठेवलंय." तो हसला. वय झालेलं हसणं होतं. "ह्या बारीला दोन घरटी निघाली. आत्ताच उतरलो. टाइप केलं की हुतंय." की-बोर्डवर एकेक अक्षर शोधल्याचा आवाज यायला लागला. मधेच तो थांबला.

"मॅडम, तुमचं काय झालं? झालात का कुठं कायम?"

"नाही मामा."

तिकडं आणखी एक अक्षर वाजलं. माझ्या घड्याळात नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि तांबूळघाट अजून साडेआठ वाजायची वाट बघत होतं.

"तुमचं चुकलंच तवा," महिपती म्हणाला. "तितं तुमचं नाव घालायचं हुतं."